पोरांना जरा अडू द्या

द्वारका सर्कलला वाहतूक तुंबली की पुढच्या गाडीचा नंबर वाचण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. पुढच्या वेळी तसे अडकाल आणि मागे मूल बसलेलं असेल, तर त्याच्या हातात मोबाइल देऊ नका. समोरच्या गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे घ्यायला सांगा. ते आधी उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करायची. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तसंच करायचं. चारही आकडे सारखे नसले म्हणजे झालं. (हौसेने पैसे मोजून घेतलेला ७७७७ इथे कामाचा नाही. बाकी कुठल्याही साध्या गाडीचा नंबर चालतो.)

घरी बसून करायचं तर आपल्या नाशिकचा जुना एसटीडी कोड घ्या, ०२५३. उतरता क्रम ५३२०, चढता ०२३५. वजाबाकी ५०८५. आता ८५५० वजा ०५५८, आले ७९९२. पुढे ९९७२ वजा २७९९, म्हणजे ७१७३. मग ७७३१ वजा १३७७, ६३५४. मग ६५४३ वजा ३४५६, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता ६१७४ चं करून बघा: ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४च. गाडी इथे थांबली.

दुसरा कुठलाही नंबर घ्या, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही ६१७४ लाच येऊन पोचाल. हे ज्यांनी शोधलं ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर इथून हाकेच्या अंतरावर देवळालीला राहत होते आणि शाळेत शिकवत होते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. १९५५ मध्ये न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात त्यावरचं त्यांचं टिपण छापून आलं. आज जगभर ६१७४ ला ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात. नाशिकच्या पोरांना मात्र तो बहुधा एखाद्या परदेशी यूट्यूब चॅनलवरून कळतो, हे मला खटकतं.

पण हा लेख कापरेकरांची आरती ओवाळायला लिहिलेला नाही. मला तुमच्याशी घरातल्या गणिताबद्दल बोलायचं आहे: आई-बाबांशी, आजी-आजोबांशी, शिकवणी घेणाऱ्यांशी, शाळेतल्या माझ्या जातभाईंशीसुद्धा. मागणी एकच आहे. मूल गणितात अडलं की उत्तर सांगायला धावू नका. त्याला अडू द्या. आणि ज्यात अडावं असं वाटेल, अडल्यावरही सोडवंसं वाटणार नाही, असं काहीतरी आठवड्यातून एकदा तरी त्याच्या पुढ्यात टाका.

वर्गात शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहिलं की तिसऱ्या बाकावरून हमखास एक प्रश्न येतो. ‘सर, यात गुणायचं की भागायचं?’ पोराने उदाहरण वाचलेलंच नसतं. त्यातले दोन आकडे त्याने हेरलेले असतात आणि आता त्यांचं करायचं काय, एवढंच त्याला हवं असतं. तुम्ही ‘भागायचं’ म्हणालात की तो सफाईने भागाकार करतो, उत्तर बरोबर येतं, वहीवर बरोबरची खूण पडते. गणित कुणी केलं? तुम्ही. त्याने नुसता भागाकार केला.

ही आपल्याकडचीच खोड आहे असं नाही. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात संशोधकांनी लहान मुलांना विचारलं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी आकड्यांची काहीतरी जुळवाजुळव करून वय काढून दिलं. हसण्याआधी आपल्या घरी विचारून बघा. सिटीलिंकच्या बसमध्ये ३६ माणसं आहेत, पुढच्या थांब्यावर ८ चढली, तर ड्रायव्हरचं वय किती? ४४ असं उत्तर आलं तर मुलाला रागावू नका. वर्षानुवर्षं त्याला हेच शिकवलं गेलं आहे, की आकडे दिले म्हणजे त्यांचं काहीतरी करायचंच असतं आणि कागद कोरा ठेवला की मार्क जातात.

अडण्याची सवय लागते कशी, यासाठी कापरेकरांचं आयुष्य बघण्यासारखं आहे. १७ जानेवारी १९०५ चा त्यांचा जन्म, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, ती त्यांनी मुलाला शिकवली. ठाण्याच्या शाळेत असताना हा मुलगा तासन्‌तास कोडी घेऊन बसे. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १९२७ साली त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली. तिथे त्यांचं औपचारिक शिक्षण संपलं. एमएस्सी नाही, पीएचडी तर नाहीच. १९३० पासून १९६२ पर्यंत, निवृत्त होईपर्यंत, ते देवळालीला मास्तर होते. निवृत्तिवेतनात भागेना म्हणून नंतर गणित-विज्ञानाच्या शिकवण्याही केल्या.

या काळात संध्याकाळी आणि सुट्टीत ते काय करत होते? संख्यांशी खेळत होते. दारुड्याला जशी दारू सोडवत नाही तसं आपलं संख्यांच्या बाबतीत झालं आहे, अशा अर्थाचं ते स्वतःच सांगत. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढंच भांडवल. आजूबाजूच्या कॉलेजांतून त्यांना व्याख्यानाला बोलावणी येत. स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापून ते वाटत. गणिताच्या परिषदांना पदरमोड करून जात. तिथे मोठमोठ्या प्राध्यापकांना त्यांचं काम पोरखेळ वाटे. १९७५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा कुठे नाव जगभर झालं. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते गेले.

त्या प्राध्यापकांची बाजूही थोडी घ्यायला हवी. आपण संख्या दहाच्या पटीत लिहितो म्हणून ६१७४ चा चमत्कार घडतो. मोजणी आठाच्या किंवा बाराच्या पटीत केली असती तर हा आकडा राहिला नसता. संख्येच्या पोटात शिरून काही मूलभूत हाती लागावं, अशा जातीचं हे काम नाही, असं कुणी संशोधक म्हणाला तर मी वाद घालणार नाही. शाळेच्या दृष्टीने मात्र याच्याइतका चांगला माल मला दुसरा ठाऊक नाही. वजाबाकी येणाऱ्या कुठल्याही पोराला तो उचलता येतो. एखादी चूक झाली तरी वाया जात नाही, पुढे नीट केलं की गाडी बहुधा ६१७४ लाच पोचते. आणि पोचल्यावर पोराच्या तोंडून आपोआप शब्द निघतो, ‘का?’ वजाबाकीचे दोनशे सरावसंच सोडवूनही तो निघत नाही.

‘का’ निघाल्यावर पुढे काय होतं, ते एका मुलीच्या निमित्ताने सांगतो. आमच्या बिल्डिंगमधली सातवीतली मुलगी, गणितात बेताची. तिला ६१७४ चं सांगितल्यावर तिने दोन-चार दिवस घरादाराला पिडलं. मग चार आकड्यांचं कारण काही सापडेना, म्हणून मी म्हटलं, तीन आकड्यांचं बघ की. जॉर्ज पोल्या नावाच्या हंगेरीत जन्मलेल्या, अमेरिकेत शिकवणाऱ्या गणितीने १९४५ मध्ये ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ हे प्रसिद्ध पुस्तक लिहिलं. त्यातली ही युक्ती: मोठा प्रश्न सुटत नसेल तर त्याच्याच घरातला धाकटा प्रश्न धर.

तिने तीन आकडी संख्या घेतल्या. ३५२: ५३२ वजा २३५, २९७. मग ६९३, ५९४, ४९५ आणि तिथेच गाडी थांबली. दुसरी संख्या घेतली, पुन्हा ४९५. वहीचं पान भरलं आणि ती म्हणाली, ‘काका, मधे सारखा नऊच का येतोय?’

मला उत्तर माहीत होतं. ते गिळायला कष्ट पडले. ‘उभी मांडणी करून बघ,’ एवढंच म्हणालो.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर वही ठेवून तिने ५३२ खाली २३५ मांडले. एककात दोनातून पाच जात नाहीत, म्हणून दशकाकडून एक घेतला. आता दशकात वर तीन होते त्याचे दोन झाले, आणि खाली तीन. तिची पेन्सिल तिथे थांबली. वर-खाली आकडा एकच असतो, हे तिच्या ध्यानात आलं, कारण आकडे उलटे लावले तरी मधला मधेच राहतो. वरच्यातला एक एककाला दिलेला, म्हणून तो एकाने कमी पडतोच. मग शतकाकडून दहा आणायचे. दहातून एक गेला, राहिले नऊ. ‘म्हणजे कुठलीही संख्या असली तरी नऊच!’ तिचा आवाज चढला. आई दुधाकडे बघत होती, ती दचकली.

पुढचं तिने दुसऱ्या दिवशी केलं. बाजूच्या दोन आकड्यांची बेरीजही दर वेळी नऊ येते, हे हेरलं. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर येऊ शकणारी उत्तरं फक्त नऊ: ९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. यातही १९८ आणि ८९१ चे आकडे तेच, २९७ आणि ७९२ चे तेच. राहिल्या पाच जाती, आणि त्या पाचही एकाच रांगेत: ०९९ वरून ८९१, तिथून ७९२, मग ६९३, ५९४, ४९५. रांग संपली, प्रश्नही संपला. चार आकड्यांचं सगळं कोडं तिने सोडवलं नाही. पण तीन आकडी संख्या ४९५ ला का जाते, याची पुरी सिद्धता तिच्या वहीत होती. नववीत ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ असं तीन मथळ्यांखाली भूमिती पाठ करताना पोरं कंटाळतात, त्या सिद्धतेची ही सख्खी बहीण. फक्त ही तिची स्वतःची होती.

त्या मुलीला चाचणीत नंतर किती मार्क पडले, ते मी विचारलं नाही.

आता तुमच्या मनातला प्रश्न. ‘हे सगळं ठीक आहे, पण सीईटीला याचा काय उपयोग?’ रास्त आहे. एमएचटी-सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, एका प्रश्नाला पुरती दोन मिनिटंही येत नाहीत. तिथे अडत बसायला वेळ नसतो, हे खरं. ती परीक्षा द्यायची असेल तर अकरावी-बारावीत वेगाचा सराव करावाच लागेल, त्याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो हा वेग चौथी-पाचवीपासून लावण्याला. शेजारच्या पोराने अबॅकसच्या क्लासमध्ये दोन मिनिटांत शंभर बेरजा केल्या म्हणून आपलंही पोर तिथे घालण्याला. भराभर बेरीज करता येणं चांगलंच, पण ते कॅल्क्युलेटरला पोरांहून चांगलं येतं.

जगात दुसऱ्या टोकाचीही परीक्षा आहे, हेही माहीत असू द्या. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये दोन दिवस पेपर असतो. दर दिवशी साडेचार तास, आणि प्रश्न फक्त तीन. एका प्रश्नाला दीड तास. १९९६ साली ही स्पर्धा आपल्या मुंबईत झाली होती. आपल्याकडे याची निवड मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली होते. दरेक पोराने ऑलिम्पियाडला जावं असं मी म्हणत नाही, बहुतेकांनी जाऊही नये. पण जगातल्या सगळ्यात हुशार पोरांना एका प्रश्नासाठी दीड तास दिला जातो आणि आपण आपल्या पोराला दीड मिनिटात ‘अजून येत नाही?’ म्हणून विचारतो, यावर एकदा विचार करा.

मग करायचं काय? वेळापत्रक आखू नका, त्याचीच दुसरी शिकवणी होईल. रविवारच्या पोह्यांबरोबर एक प्रश्न टाकायचा आणि गप्प बसायचं. पहिली-दुसरीतल्या लहानग्यांना ६१७४ झेपणार नाही, त्यांच्यासाठी दोन आकडी संख्या आहेत. ६३ उलटे केले की ३६. वजाबाकी २७. ७२ वजा २७, ४५. ५४ वजा ४५, ९. आता ९ ला ०९ समजा: ९० वजा ०९, ८१. ८१ वजा १८, ६३. आलो की परत! इथे गाडी एका आकड्यावर थांबत नाही, गोल गोल फिरते. यात सगळ्या संख्या नऊच्या पाढ्यातल्या आहेत, हे पोराला स्वतः दिसू द्या. दिसायला आठवडा लागला तर लागू द्या. तोपर्यंत तुम्ही ‘अरे, नवाचा पाढा आठव ना’ असं म्हटलंत, तर त्याच्या ताटातला घास तुम्ही खाल्लात.

बेरीज येणाऱ्यांसाठी कापरेकरांचंच आणखी एक खेळणं आहे. एखादी संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. २८ मध्ये २ आणि ८, झाले ३८. मग ४९, मग ६२. म्हणजे २८ चा जन्म २३ पासून, ३८ चा २८ पासून. पण काही संख्या अशा आहेत की त्या कुणापासूनच जन्मत नाहीत. उदाहरणार्थ २०. कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० येत नाहीत. मास्तरांनी अशांना ‘स्वयंभू’ म्हटलं. जगात त्यांना ‘देवळाली संख्या’ असंही नाव आहे. आपल्या शेजारच्या गावाचं नाव गणिताच्या पुस्तकात आहे, हे पोरांना सांगा. शंभरच्या आत अशा तेरा संख्या आहेत. यादी मी देणार नाही. उलट १०१ ला दोन जन्मदाते आहेत, तेही शोधू द्या.

नावं ठेवण्याची मास्तरांना मोठी हौस. जिच्या अंकांच्या बेरजेने तिला निःशेष भाग जातो, ती हर्षद संख्या. १२ घ्या, १८ घ्या. रामानुजनची १७२९ सुद्धा हर्षदच, कारण अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. डोंबिवलीच्या स्टेशनात असताना एक कल्पना सुचली, म्हणून स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून त्या संख्यांना डेम्लो म्हटलं. १, १२१, १२३२१ या त्याच घराण्यातल्या. रोज लोकलने त्या स्टेशनात उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? आणि ज्यांना आज ‘कापरेकर संख्या’ म्हणतात त्या वेगळ्याच. ४५ चा वर्ग २०२५. मधून तोडा: २० आणि २५, बेरीज ४५. ५५ चा वर्ग ३०२५, ३० आणि २५, बेरीज ५५. ७०३ चा वर्ग ४९४२०९, ४९४ आणि २०९ मिळून ७०३. आठवीच्या पोराला वर्ग पाठ करायला लावण्यापेक्षा ‘अशी आणखी एक शोध’ म्हणा. वर्ग आपोआप पाठ होतील.

मूल तुमच्याकडे येऊन विचारेल, ‘बरोबर आहे का?’ हा क्षण सांभाळायचा असतो. ‘हो’ही म्हणू नका, ‘नाही’ही नको. ‘ताळा घे’ म्हणा. वजाबाकीचा ताळा बेरजेने, भागाकाराचा गुणाकाराने, हे आपल्या आजोबांच्या पिढीला सांगावं लागत नसे. उत्तर बरोबर की चूक, हे ठरवायला दुसऱ्याकडे जावं लागत नाही, हा गणिताचा केवढा मोठा गुण आहे. इतिहासाच्या पेपरात ती सोय नाही. आणि उत्तर चुकलं असेल तर ‘कसं काढलंस ते सांग’ म्हणून ऐकत बसा. निम्म्या वेळा सांगता सांगताच पोर स्वतःची चूक पकडतं आणि वाक्य अर्धवट टाकून पळतं.

‘आम्हालाच गणित येत नव्हतं, आम्ही काय विचारणार?’ असं म्हणणारे पालक मला खूप भेटतात. तुम्हाला येत नसेल तर उत्तमच. तुम्ही उत्तर फोडण्याची भीती नाही. पोराच्या शेजारी बसा आणि तुम्हीही अडा. आईला किंवा बाबांना एखादी गोष्ट येत नाही, तरी ते रडत नाहीत, वही फेकत नाहीत, पुन्हा करून बघतात, हे पोराने बघितलं की झालं. मराठीतून वाचायला हवं असेल तर मंगला नारळीकर यांचं ‘गणितगप्पा’ घरात आणून ठेवा. त्या मोठ्या गणिती होत्या, तरी लहान मुलांशी गणिताबद्दल बोलणं त्यांनी कमी प्रतीचं मानलं नाही. आणि ही परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यातली गणितं भुंग्यांची, मोराची आणि सापाची, अर्जुनाच्या बाणांची आहेत. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, नाशिकहून रेल्वेने काही तासांत पोचता येतं. सहल काढायचीच तर शाळांनी तिथे काढावी.

शिक्षकांसाठी एक सूचना, सक्ती नाही. आठवड्यातला एक तास फळ्यावर एकच प्रश्न लिहा आणि त्याला मार्क ठेवू नका. मार्क ठेवलेत की पोरं गाईड शोधतील. प्रश्न सुटला नाही तर पुढच्या आठवड्यालाही तोच राहू द्या. आठवी-नववीसाठी हा घ्या: चार आकडे सारखे नसलेल्या, पुढे शून्य चालणाऱ्या चार आकडी संख्या ९,९९० आहेत. पण कापरेकरांची पहिली वजाबाकी केल्यावर येऊ शकणारी उत्तरं फक्त ५४. का? उत्तर सापडलं की त्या चौपन्नांची रांग वर्गात वाटून द्या, एकेका पोराला दोन-दोन येतील. तासाभरात सगळा वर्ग मिळून दाखवून देईल की ६१७४ ला सुटका नाही. आणि कुणी चुणचुणीत निघालाच, तर पाच आकड्यांचं काय होतं ते बघायला सांगा. ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की तिथे थांबा मिळत नाही.

हुशारांनाच हे द्यावं आणि बाकीच्यांना सराव, अशी वाटणी करू नका. वर्गात पटापट उत्तरं देणारी पोरं अडलेल्या प्रश्नापुढे पुष्कळदा आधी कच खातात, कारण अडायची त्यांना सवय नसते. मागच्या बाकावरच्या पोरांना ती सवय उपजत असते. त्यांना फक्त असं कुणी सांगितलेलं नसतं की अडणं हा गणिताचाच भाग आहे.

शेवटी जुन्या नाशिककरांना एक वेगळी विनंती. कापरेकर मास्तरांनी आपल्या पुस्तिका बहुतांशी स्वतःच छापल्या. स्वयंभू संख्यांच्या कोड्यांची १९५९ ची, नव्या स्वयंभू संख्यांच्या गणिताची १९६३ ची, आणि आणखीही. मोजक्या प्रती, पातळ कागद, इंग्रजी मजकूर. त्या त्यांनी ओळखीच्यांना, सहकाऱ्यांना, विद्यार्थ्यांना दिलेल्या असणार. देवळाली कॅम्पात, भगूरला, नाशिकरोडला, पंचवटीतल्या वाड्यांमध्ये कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत, माळ्यावरच्या गठ्ठ्यात यातली एखादी अजून असू शकेल. घर आवरताना, वाडा पाडायला देताना, रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा गठ्ठे उलगडून बघा. मास्तरांच्या हातची पत्रं किंवा आकडेमोडीचे कागद मिळाले तर तेही टाकू नका. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथे नेऊन द्या. आधी मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवा, आणि पुस्तिकेवर कुणाला भेट दिली ते लिहिलेलं असेल तर ते पानही नीट वाचता येईल असं घ्या.